एका दमाची तुळसाक्का

तुळसाक्का भांडताना ओरडायची नाही. आमच्या शहापूरच्या विणकरांच्या गल्लीत भांडण म्हणजे आधी तोंड. बायका उंबऱ्यात उभ्या राहून एकमेकींच्या माहेरचा उद्धार करायच्या, पुरुष मागाच्या खड्ड्यात बसल्या बसल्या शिव्या द्यायचे, आणि हात उचलायची वेळ येईपर्यंत निम्मे लोक कंटाळून कामाला लागलेले असायचे. तुळसाक्का गप्प यायची. तिच्या हातात धोटा असायचा. मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा हा धोटा लाकडाचा, होडीच्या आकाराचा, आणि त्याची दोन्ही टोकं लोखंडी असतात. ती एकदाच मारायची. मग खाली बसायची.

त्या एका फटक्यानं मनगट मोडलेलं मी पाहिलं आहे, दात पडलेला पाहिला आहे, आणि धिप्पाड माणूस भिंतीला पाठ लावून लहान मुलासारखा हगवणीचं निमित्त सांगून पळालेला पाहिला आहे. आता तिच्या गोष्टी सांगतात त्या हसून सांगतात. तिच्यासमोर कुणी हसत नसे.

मी मूळची निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत तोलणीच्या कामावर होते. मराठी चौथी झाले आणि लग्न होऊन शहापूरला आले. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत होती. सासूबाई मला दुपारी तिच्याकडे कांड्या भरायला बसवायच्या, म्हणजे मी रहाटावर सूत गुंडाळायचे आणि ती खड्ड्यात पाय सोडून साडी विणायची. मला चौथीपर्यंत शाळा झाली आहे हे कळल्यावर तिनं मला मास्तरीण म्हणायला सुरुवात केली. मी कुणाशी फारशी बोलत नसे, म्हणून तिला त्याची जास्तच गंमत वाटायची.

"मास्तरीण आली. आता समदी शाळा गप," असं म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. हसतानाही आवाज नसे, नुसते खांदे हलायचे.

ती उंच होती. हाडापेरानं मोठी, पण छाती अरुंद. बोटांची टोकं फुगीर आणि नखं गोलसर, निळी. गल्लीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे सूत रंगवतात, निळीच्या रांजणात हात घालतात, सगळ्यांचीच नखं कधी लाल तर कधी निळी असतात. तिची मात्र धुऊनही निळीच राहायची, हे मी रहाटापाशी बसून रोज बघत होते आणि मलाही ते निळीचंच वाटत होतं. तिला दम लागतो हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचंही नवल नव्हतं. शहापुरात ज्याला दम लागतो त्याला खड्डा बाधला असं म्हणतात. ओल्या मातीच्या खड्ड्यात जन्म गेला की छाती जाते, हे तिथलं लहान मूलसुद्धा सांगेल.

पहिल्यांदा मी तिचा हात पाहिला तो रामाण्णाच्या घरी. रामाण्णा समोरच्या घरात राहायचा. दारू प्यायला की बायकोला, शेवंताला, मारायचा. त्या दिवशी त्यानं मागाची दांडी काढून शेवंताला मारायला सुरुवात केली. दांडी पाठीवर पडल्याचा आवाज आमच्या रहाटापर्यंत येत होता. तुळसाक्का विणत होती. तिनं हातातला धागा संपवला, पाय वर घेतले आणि उठली. धावली नाही. दारापाशी खांबाला हात लावून उभी राहिली, मोठा श्वास घेतला, तो छातीत धरला आणि रस्ता ओलांडून आत गेली. मी तिच्यामागं उंबऱ्यापर्यंत गेले. रामाण्णा वळला आणि म्हणाला, "आक्का, आमच्या घरातलं हाय हे, तू मधी..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. धोटा मनगटावर बसला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. दांडी खाली पडली. तुळसाक्का तिथंच भिंतीला टेकून बसली. तिचे ओठ जांभळे झाले होते, मानेची शीर उडत होती, डोळे मिटलेले. शेवंता रक्ताळलेल्या पाठीनं उठून तिला पदरानं वारा घालायला लागली. रामाण्णा हात पोटाशी धरून लोळत होता.

"आक्का, मोडला गं हात माझा."

बऱ्याच वेळानं तिचा श्वास जागेवर आला. म्हणाली, "मोडायलाच मारला."

मग शेवंताच उसळली. "आणि आता हेनं इनायचं कसं? मागावर साडी आर्धी हाय. आमी खायाचं काय? तू काय गं, मारून मोकळी झालीस!"

मला वाटलं आता शेवंतालाही एक बसणार. तुळसाक्का उठली, रामाण्णाच्या खड्ड्यात उतरली आणि त्याच्या मागावर बसली. त्याचा हात बरा होईपर्यंत ती सकाळी आपला माग चालवायची आणि दुपारनंतर त्याचा. रामाण्णा हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसायचा आणि चुका काढायचा. "काठ ढिला पडतोय, आक्का," असं म्हणायचा. ती फक्त धोटा उचलून त्याला दाखवायची.

ती चांगली होती असं मला म्हणायचं नाही. नवऱ्यालाही ती मारायची. बाळाप्पा भिडस्त माणूस. एकदा त्यानं तिला न विचारता अंड्यावरची कोंबडी पाहुण्याला दिली, तर तिनं मागाची फणी त्याच्या पाठीवर अशी घातली की दातऱ्यांचे वळ आठवडाभर दिसत होते. बाळाप्पा गल्लीत सांगायचा, "आमचं बरं हाय. तिचा एक हात पडला की दिवसाचं मिटलं. तुमच्या बायका दिवसभर बोलत्यात." माझी कांडी सैल भरली गेली म्हणून मलाही एकदा कानाखाली बसली होती. दोन दिवस त्या कानात घुं घुं होत होतं. आणि शेवंताचा सख्खा भाऊ बहिणीची चौकशी करायला आला, रामाण्णावर ओरडायला लागला, तेव्हा तुळसाक्कानं त्या घरात बाप्याचा आवाज एवढंच ऐकलं आणि जाऊन त्याचाच दात पाडला. चूक कळल्यावर तिनं त्याला जवळ बसवून तोंड उघडायला लावलं, आत बघितलं आणि म्हणाली, "मागचा हाय. हसताना दिसत न्हाय." मग ज्वारीची भाकरी त्याच्यासाठी दुधात कुस्करून दिली. तो बिचारा घाबरून सगळी संपवून गेला.

शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांचं. मधली हद्द म्हणजे एक दगड आणि नाला. एकदा आम्ही दोघी बेळगावच्या पेठेत सूत आणायला गेलो होतो. दुकानातल्या एका माणसानं गर्दीत एका पोरीच्या अंगाला हात लावला. तुळसाक्काच्या कमरेला धोटा खोचलेला होता. त्या माणसाच्या कपाळातून रक्ताची धार लागली, लोक धावले, शिपाई आला. पळणं तिला जमणारं नव्हतं. ती पदर डोक्यावरून घेऊन सावकाश चालायला लागली. मी तिच्यामागं. एवढी सावकाश चालणारी बाई पळून चालली असेल असं शिपायाला वाटलंच नाही. तोही मागून सावकाश आला. दगड ओलांडल्यावर ती नाल्याच्या काठावर बसली, दम घेतला आणि पलीकडे उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाली, "आता सांग की रं, काय म्हणत होतास?" शिपायानं दगडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "आक्का, बाजाराला याल की परत," एवढंच म्हणाला आणि गेला. पुढं किती तरी दिवस सूत आणायला बाळाप्पा जायचा.

एका दुपारी ती मागच्या परसात न्हात होती. मला पाठ चोळायला बोलावलं. तेव्हा मी तिच्या छातीवरचे डाग पाहिले. चंद्रकोरीसारखे, एकाखाली एक, कातडी आवळलेली. मी हात थांबवला. मी विचारलं नाही, पण तिला कळलं.

"कोयता तापवून दिल्यात," ती म्हणाली. "आमचं गाव खानापुराकडं, रानात. मी रडली की निळी पडायची. वारं शिरलंय म्हणाले. मग डाग दिला. डाग दिला की मी रडायची, रडली की परत निळी. निळी दिसली की परत डाग. घासून काढ की गं, झोपलीस व्हय?"

मी चोळायला लागले. पाण्याचा तांब्या ओतून घेऊन ती पुढं म्हणाली, "मग आई तोंडावर हात दाबून धरायची. रडायच्या आदीच. शेवटाला मी रडायचंच सोडलं. मार बसला तर उलटा मारायचा, पर गप ऱ्हाऊन. एकच मारायचा. दुसऱ्याला दम न्हाय माझ्यात, मास्तरीण. म्हणून पयला असा बसायला पायजे की दुसरा लागू न्हाय."

तिला एकच मुलगी, गंगू. तिच्या बाळंतपणात तुळसाक्का काळीनिळी पडली होती आणि सुईणीनं बाळाप्पाला बाहेर येऊन सांगितलं होतं की आता परत नको. घरच्यांनी बाळाप्पाचं दुसरं लग्न करायचं काढलं, तेव्हा बोलणी करायला आलेला माणूस ज्या वेगानं गल्लीतून गेला त्याची गोष्ट सासूबाई रंगवून सांगायच्या. गंगूला मात्र तिनं कधी बोट लावलं नाही. गंगू हसरी होती, मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं रडायची. ती रडली की तुळसाक्का माग थांबवून ऐकत बसायची. समजूत काढायची नाही. तिचं रडणं पुरं होईपर्यंत तिच्या ओठांकडे बघत राहायची.

गंगूला निपाणीला दिली. नवरा शंकर वखारीत मुकादम होता. स्थळ माझ्या माहेरच्या ओळखीचं. लग्नात तो गोड बोलला.

युद्ध चालू झालं आणि सुताची टंचाई आली त्या सुमाराची गोष्ट. तुळसाक्का विणता विणता थांबली आणि म्हणाली, "ताणा हलतोय." तिला अधूनमधून असं व्हायचं. माग बंद असला तरी डोळ्यांपुढं उभे धागे वाकडेतिकडे चमकत हलायचे आणि मग डोकं दुखायचं. त्या दिवशी धोटा तिच्या उजव्या हातातून पडला. तिनं उचलायला हात नेला तर हात गेलाच नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काही तरी बोलत होती, पण शब्द होत नव्हते. दिवे लागेपर्यंत सगळं परत जागेवर आलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या करणी केली कुणी तरी, आणि मारलेल्या सगळ्यांची नावं घेऊन झाली. दुसऱ्या दिवशी बाळाप्पानं माझ्या सासूबाईंचे पाय धरले. मिशनच्या दवाखान्यातल्या पाट्या वाचायला कुणी तरी पाहिजे म्हणून मला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई मराठी नीट, पण एकेक शब्द वेगळा ठेवून बोलायच्या. त्यांनी तिची नखं पाहिली, ओठ पाहिले, छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. डाग पाहून त्यांचा चेहरा कठीण झाला. मग त्यांनी कागदावर एक चित्र काढलं. हृदयात उजवीकडचा खण, डावीकडचा खण आणि मधे भिंत. म्हणाल्या, मूल पोटात असतं तेव्हा श्वास घेत नाही. तेव्हा त्या भिंतीत एक वाट उघडी असते आणि रक्त तिथून जातं. मूल बाहेर येतं, पहिल्यांदा रडतं, श्वास आत जातो आणि ती वाट बंद होते. काहींची नीट बंद होत नाही. ती लहान असली तर असे पुष्कळ लोक काही न कळता म्हातारे होतात. तुमची मोठी आहे असं मला ऐकून वाटतं. आत उघडून पाहायची सोय नाही.

तुळसाक्का चित्राकडे बघत होती. "म्हंजे पयल्या रडण्यातच राहिलं म्हणा."

"तुम्ही जोर करता, ओझं उचलता, श्वास कोंडता, तेव्हा वाईट रक्त त्या वाटेनं पलीकडे जातं. म्हणून निळ्या पडता. आणि खड्ड्यात पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसता. पायात रक्ताची गाठ होते. ती त्या वाटेनं डोक्यात जाऊ शकते. परवा लहान गेली असेल. मोठी गेली तर हात, पाय, वाचा, जीव, काहीही जाईल. मधे मधे उठून चाला. जोर करू नका. ही सांगते, तुम्ही मारामारी करता?"

मी लाजून खाली पाहिलं. बोलून गेले होते.

"मी मारामारी करत न्हाय," तुळसाक्का म्हणाली. "मी मारती. मारामारीला दोघं लागत्यात."

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं आणि म्हणाल्या, "तेही नको."

चालायचं औषध तिनं मनापासून घेतलं. थोडं विणून झालं की खड्ड्यातून उठायची आणि गल्लीतून एक फेरी मारायची. म्हणजे प्रत्येक दारावरून जायची. धोटा हातात असायचाच, तो ठेवायचा कुठं? पुरुष आपोआप हळू बोलायला लागले. तिनं त्या दिवसांत कुणाला मारलं नाही, मारावं लागलंच नाही. रामाण्णा म्हणायचा, "डॉक्टरणीनं औषिद हिला दिलं आणि कडू आमाला लागलं."

मग निपाणीहून माझे वडील आले. सासूबाईंशी बोलून झाल्यावर ते तुळसाक्काच्या दारात उभे राहिले. गंगू सहा महिन्यांची गरोदर होती. शंकर तिला घरात मारायचाच, आता वखारीच्या आवारातही मारतो म्हणाले. तंबाखू झोडणाऱ्या बायकांसमोर. परवा पोटात लाथ घातली. मालक बघत नाही, शंकर कामाला चांगला आहे. बायका खाली मान घालून काम करतात, कारण त्यांची हजेरी तोच मांडतो. "पोरगी वाचायची न्हाय, आक्का," वडील म्हणाले.

तुळसाक्कानं विणायचं थांबवलं नव्हतं. तिनं साडीचा काठ पुरा केला. "उद्या जातो," म्हणाली.

बाळाप्पा म्हणाला, "डॉक्टरणीनं काय सांगितलंय? तुझं काय झालं तर..."

"माझं एकदा हुतंय. तिचं रोज हुतंय."

मला बरोबर घेतलं, कारण वखार मला माहीत होती. मोटर तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. पुढं बाळाप्पा, मागं आम्ही दोघी, पाय दाटीत अडकलेले. वंटमुरीच्या घाटात मोटर अडली आणि ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरून चालायला सांगितलं. तुळसाक्का उतरली नाही.

"ए बाई, मोटरीला दम लागलाय, दिसत न्हाय व्हय?"

"मला बी लागलाय. आमी दोघी बसतो. तू ढकल."

लोक हसले. माझं लक्ष तिच्या ओठांकडे होतं. संकेश्वर आलं. ती एकाएकी म्हणाली, "एकच बसंल माझ्यानं, मास्तरीण. कुठं मारू गं? डोक्यात घातला तर मरंल. पायावर घातला तर हातानं मारंल. हातावर घातला तर लाथ हाय." ती बराच वेळ धोटा मांडीवर फिरवत होती.

बाळाप्पा माझ्या वडिलांना आणायला घरी गेला आणि आम्ही दोघी वखारीच्या आवारात पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तंबाखूचे ढीग, हवेत पिवळी धूळ, तोंडाला फडकी बांधलेल्या बायका ओळीनं बसून काठ्यांनी पानं झोडत होत्या. मी लहानपणापासून तो वास ओळखते. नवख्याला तिथं घेरी येते, उलटी होते, माणूस गार पडतो. निपाणीत त्याला तंबाखू लागली म्हणतात. कुणीही कशानंही पडलं तरी निपाणीत तंबाखूच लागलेली असते.

शंकर सावलीत उभा होता. गंगू ढिगापाशी काठी घेऊन बसली होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता आणि ओठ फाटलेला. आईला बघून ती उठली. शंकरनं सासूला पाहिलं, तिच्या हातातला धोटा पाहिला आणि हसला.

"या की सासूबाई. बसा, आदी दम घ्या. गड्यांनो, हिला धरा, पडंल बगा आत्ता."

तुळसाक्का दाराच्या खांबाला हात लावून उभी राहिली. मोठा श्वास घेतला. तो छातीत धरून ती चालायला लागली. मला सगळं ठाऊक होतं, आता काय होणार ते. शंकरलाही ठाऊक असावं. ती चार हातांवर आली तेव्हा त्यानं गंगूचे केस मुठीत धरले आणि तिला आपल्यापुढं ओढली. तिचं पोट पुढं, मान मागं वाकलेली, आणि तिच्या खांद्यावरून त्याचं तोंड.

"मार की. मार बघू. कुणाला लागतंय बघ."

धोटा वर गेलेला होता. तो तिथंच राहिला. तुळसाक्काचा चेहरा निळा पडत चालला. एक श्वास होता, आणि मारायला जागा नव्हती. शंकरनं गंगूच्या कमरेत गुडघा घातला. गंगू कळवळली.

मग तुळसाक्कानं धोटा खाली टाकला आणि ओरडली.

मी तिचा असा आवाज तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. तो शब्द नव्हता. "आऽऽ" असा, तान्ह्या मुलाच्या पहिल्या रडण्यासारखा, पण मोठ्या बाईच्या छातीतून आलेला. आवारातल्या काठ्या थांबल्या. तो आवाज संपेचना. तिनं धरून ठेवलेला सगळा श्वास त्यात गेला, आणि मला वाटतं त्याच्याआधीचेही सगळे गेले.

पहिल्यांदा कोण उठलं ते मला सांगता येणार नाही. फडकी बांधलेल्या बायका सगळ्या सारख्याच दिसत होत्या. एकीची काठी शंकरच्या कोपरावर बसली आणि गंगूचे केस सुटले. मग सगळ्या उठल्या. तंबाखू झोडतात तशाच त्या झोडत होत्या, एका लयीत, एकमेकींना काठी न लागू देता. शंकर आधी शिव्या देत होता, मग हात जोडत होता, मग नुसता आवाज येत होता. धूळ एवढी उडाली की काही दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा शंकर तराजूच्या पारड्याशी पडला होता आणि एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं. गंगू ढिगावर बसून मोठमोठ्यानं रडत होती.

तुळसाक्का उभी होती तिथंच पडली होती. तोंड उजवीकडून लोंबलं होतं. उजवा हात मातीत उलटा पडला होता, जणू दुसऱ्या कुणाचा. बायका धावल्या. "तंबाखू लागली, तंबाखू लागली," म्हणत एकीनं गूळ आणला, एकीनं लिंबू, एक पाणी पाजायला लागली. मी म्हणाले, "तंबाखू न्हाय. तोंडात काय घालू नका." माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. मी मोठ्यानं म्हणाले. मग मी त्या बाईच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि तुळसाक्काला कुशीवर वळवली.

संध्याकाळी फौजदार आला. मालक पुढं झाला. वखार बंद पडली तर त्याचंच नुकसान होतं, आणि एवढ्या बायकांना एकदम काढून झोडणीचा हंगाम उरकला नसता. "मुकादमाला तंबाखू लागली, साहेब," तो म्हणाला. "घेरी येऊन पारड्यावर पडला." फौजदारानं ओळीनं बसलेल्या बायकांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानं तसंच लिहून घेतलं. शंकर जगला. शहापूरला तो कधी आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं की सकाळपासून मोटरीत अडकून बसल्यानं पायात गाठ झाली असावी, आणि एवढ्या जोरानं ओरडली तेव्हा ती त्या वाटेनं डोक्यात गेली असावी. त्या रागावल्या नाहीत. जाताना तिच्या गालावर हात ठेवून गेल्या.

तुळसाक्का वाचली, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तिला मागाजवळ भिंतीला टेकवून बसवायचे. तिच्या खड्ड्यात आता बाळाप्पा उतरायचा आणि रामाण्णा येऊन त्याच्या चुका काढायचा. तिचे डोळे धोट्याबरोबर इकडून तिकडे फिरायचे. कांडी सैल भरली गेली तर ती माझ्याकडे बघायची आणि मी उलगडून परत भरायचे.

गंगूचे दिवस भरले. आतल्या खोलीत तिला घेतली. तुळसाक्कानं डाव्या हातानं जमिनीवर थाप मारून मारून आम्हांला हैराण केलं, शेवटी बाळाप्पानं आणि मी तिला उचलून आत नेऊन बसवलं. मुलगी झाली. सुईणीनं तिला पायाला धरून चापट मारली आणि ती रडली. लाल झाली, मूठ वळली, काय तो आवाज! लोक रस्त्यावर थांबले असतील. सुईण म्हातारी होती, जुन्या वळणाची. "अगं व्हय व्हय, गप, किती वरडतीस, पोरीच्या जातीला एवढं..." म्हणत तिनं सवयीनं मुलीच्या तोंडावर तळहात ठेवला.

फटका एवढा जोरात बसला की मी दचकले. तुळसाक्काचा डावा हात होता. सुईण हात झटकत मागं सरली. "आगं आई गं, मारती का काय ही!"

तुळसाक्कानं मुलीला मांडीवर ओढून घेतलं. एका हातानं ते नीट होत नव्हतं, मी आधार द्यायला गेले तर मला ढकललं. तिच्या श्वासाचा घरघर आवाज येत होता, ओठ काळे पडले होते. तिनं मुलीच्या उघड्या छातीवर आपली निळी नखं असलेली बोटं ठेवली आणि खाली वाकून तिच्या ओठांकडे बघत बसली.

मुलगी रडत होती. दर रडण्याला आणखी लाल होत होती. गंगू पडल्या पडल्या म्हणाली, "आई, दे की तिला हिकडं, भुकेजलीया."

तुळसाक्कानं मान हलवली. अजून नाही. तिला ऐकायचं होतं.